पाणमांजराचा मुहूर्त

कोंडीबा वीरकरांनी उभ्या आयुष्यात दोन गोष्टी कधी खाली ठेवल्या नाहीत. एक डोक्यावरचा फेटा आणि दुसरा दिलेला शब्द. माण तालुक्यातल्या बाजारांत ते मेंढरांचे सौदे करायचे. रुमालाखाली हात घालायचा, समोरच्याची बोटं दाबायची, की झाला सौदा. मग वाटेत मेंढरू मेलं तरी तो फिरवायचा नाही. एकदा खरंच मेलं होतं. कोंडीबांनी ते खांद्यावर टाकून घरी आणलं आणि बायकोला सांगितलं, "आणायचं ठरलं हुतं, आणलं."

असा माणूस आपला मामा आहे याचा धनाजी काळेलला लहानपणापासून अभिमान होता. पुढं मामाच्या मुलीशी, राणीशीच त्याचं जमायला लागलं आणि मामा सासरा होणार असं दिसू लागलं, तेव्हा अभिमान जरा मागं सरला आणि त्या जागी धास्ती येऊन बसली.

धनाजी सांगलीला जोतीरामच्या कॉम्प्युटर क्लासात शिकवायचा. क्लास बेदाण्याच्या गोदामावर होता, त्यामुळं शिकून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पोराच्या अंगाला तासगावच्या बेदाण्याचा वास यायचा. शिकवण्याव्यतिरिक्त धनाजीला एक नाद होता. कॉम्प्युटर चालवणारा जो मुख्य प्रोग्राम असतो, ऑपरेटिंग सिस्टीम, तसली एक जगभरातली हौशी माणसं मिळून तयार करत होती. कुणी मालक नाही, कुणाला पगार नाही, ज्याला हवी त्यानं फुकट घ्यावी आणि जमलं तर सुधारून परत द्यावी. तिचं नाव होतं ओटर. ओटर म्हणजे पाणमांजर. ही सगळी मंडळी ई-मेलवर बोलायची, म्हणजे बहुतेक वेळ भांडायची.

एके दिवशी तिथं कुणीतरी विचारलं, पुढच्या आवृत्तीचं वेळापत्रक कोण सांभाळणार? सुज्ञ होते ते सगळे गप्प बसले. धनाजीनं भाबडेपणानं विचारलं, त्यात काय करावं लागतं? हा होकार समजला गेला. तीन खंडांतून अभिनंदन आलं आणि आवृत्ती कधी निघणार हे ठरवायचं काम माणदेशातल्या एका मेंढपाळाच्या पोराच्या गळ्यात पडलं.

खरं तर त्याच्या घराण्यात असलं काम कुणी केलं नव्हतं. त्याचा बाप धुळा दरसाल कळप घेऊन घाटाकडं उतरायचा. कधी निघणार, असं विचारलं की म्हणायचा, "निगालो की कळंल." यापेक्षा जास्त वेळापत्रक त्यानं कधी दिलं नाही. बापाकडून धनाजीनं एक गोष्ट मात्र उचलली. रात्री मेंढरं कोंडायला भोवतीनं जाळी बांधतात, तिला वाघर म्हणतात. वाघर लागली की नवं मेंढरू आत घ्यायचं नाही, आत आहेत त्यांचीच निगा राखायची. धनाजीनं हाच नियम पाणमांजराला लावला. अमुक दिवशी वाघर लागेल, त्यानंतर नवं काही घालायचं नाही, फक्त चुका दुरुस्त करायच्या. परदेशी मंडळींना हे फार आवडलं. पुढं फिनलंडपासून ब्राझीलपर्यंत माणसं बिनदिक्कत 'वाघर' हा शब्द वापरायला लागली. नियम मात्र कुणी पाळला नाही.

नव्व्याण्णव सालच्या उन्हाळ्याआधी सुपारी फोडायला माणसं बसली. कोंडीबांनी भाचा असला तरी रीतीप्रमाणं चौकशी मांडली.

"पोरगं करतंय काय?"

धनाजीनं क्लासचं सांगितलं. मग बोलायच्या भरात पाणमांजराचंही सांगितलं.

"त्याचं काय मिळतंय?"

"काय न्हाई मामा. फुकट असतंय."

"मालक कोण?"

"कुणीच न्हाई."

"मग तुझं तितं ऐकतंय कोण?"

"तसं... कुणीच न्हाई."

एका म्हाताऱ्यानं धनाजीच्या आईकडं, हरणाबाईकडं, कीव आल्यासारखं पाहिलं. कोंडीबांनी फेटा सारखा केला.

"कवा निगणार ते?"

जगातल्या कुठल्याही शहाण्या नियोजकानं इथं 'साधारण' म्हटलं असतं, 'बघू' म्हटलं असतं, निदान खोकला काढला असता. पण धनाजी बाजारात वाढलेल्या माणसांसमोर बसला होता आणि दाराआड राणीच्या बांगड्या वाजत होत्या. तो ताठ बसून म्हणाला, "वैशाखात निगणार!"

"मग ठरलं," कोंडीबा म्हणाले. "हातातलं काम पुरं करतोय का न्हाई, येवढंच मला बघायचंय. पाणमांजर निगालं की अक्षता. त्याच्या आदी न्हाई." आणि त्यांनी रुमाल काढून भाच्याच्या हातावर टाकला, रुमालाखाली त्याची बोटं दाबली आणि सुपारी फोडली.

वैशाख आला तेव्हा पाणमांजराची जर्मनीतल्या युर्गन नावाच्या माणसाशी गाठ पडली होती. युर्गनचं काम चुका, म्हणजे बग, शोधायचं. एका जुन्या जातीचा माऊस लावला की पडदा गोठतो, असं त्यानं शोधून काढलं होतं. तो माऊस जगात दोघांकडं होता. त्यातला एक युर्गन होता.

दर आठवड्याला कोंडीबा एसटीनं सांगलीला यायला लागले. क्लासात येऊन धनाजीच्या शेजारी खुर्ची ओढून बसायचे. जोतीराम त्यांना मेल वाचून, मराठीत करून सांगायचा. पोरं शिकायची सोडून ऐकत बसायची.

"मग त्या दोगांस्नी नवा माऊस घिऊन द्या की," कोंडीबा म्हणाले.

"तसं न्हाई मामा. तत्त्वाचा प्रश्न हाय म्हणतोय त्यो."

कोंडीबांनी युर्गनचे मागचे सगळे मेल वाचायला लावले. मग त्यांनी निदान केलं. "ह्यो रुसलाय. भावकीतलं माणूस असंच करतंय. मान न्हाई मिळाला की जेवणात मीठ कमी हाय म्हणतंय. ह्येला मानाचा फेटा गेलाय का?"

"मामा, त्यो जर्मनीत हाय."

"मग? जर्मनीत डोकं नसतंय व्हय?"

माधवनगरातनं कोंडीबांनी स्वतः निवडून केशरी कापडाचं थान आणलं आणि एका फेट्याचं कापड पोस्टानं जर्मनीला रवाना झालं. पोस्टातल्या माणसानं आत काय आहे असं विचारलं. कोंडीबा म्हणाले, "मान." त्यानं बिचाऱ्यानं 'कापड' असं लिहून घेतलं.

आणि काय सांगावं, गुण आला! युर्गननं फेटा बांधून काढलेला फोटो सगळ्यांना पाठवला. फेटा कसला, कान दुखतोय म्हणून बांधलेलं फडकं दिसत होतं. पण खाली त्यानं लिहिलं होतं की आयुष्यात आपल्याला कुणी असं काही पाठवलं नव्हतं, आणि माऊसचं पुढच्या आवृत्तीत बघता येईल. क्लासात टाळ्या पडल्या. धनाजीनं आनंदाच्या भरात मामांचे पाय धरले.

इथं एक चूक झाली होती आणि ती कोंडीबांसारख्या माणसानं करावी याचंच नवल. भावकीत एकाला फेटा बांधला की सगळ्यांना बांधावा लागतो. फोटो पाहिला आणि आठवडाभरात ब्राझीलच्या पाउलोला आवाजाच्या भागात गंभीर दोष आढळला. कॅनडातल्या एकाला अक्षरं वाकडी दिसायला लागली. फिनलंडच्या आइनोबाई, ज्यांच्या हातात आवृत्ती बाहेर सोडायचं शेवटचं बटण होतं आणि ज्या एरवी महिनोन्‌महिने एक ओळ लिहीत नसत, त्यांनी विचारलं की फेट्याचं कापड बायकांनाही चालतं का.

थान संपत आलं, दुसरं आणलं. तोवर वैशाख संपला आणि पुढं आला धोंड्याचा महिना. अधिकात लग्नं होत नाहीत. धनाजीनं मेलवर सगळ्यांना समजावून सांगितलं की आता महिनाभर घाई नाही, आमच्या पंचांगात यंदा एक महिना जास्तीचा आहे. हे लिहिताना त्याचा हेतू शुद्ध होता. पण पाउलोनं उलट उत्तर दिलं, 'एक महिना जास्तीचा? वा!' आणि त्या जास्तीच्या महिन्यात सगळ्यांनी वाघर खुशाल उचलून नवं, कोवळं, न तपासलेलं कायकाय आत लोटलं. पाउलोनं तर फाइली ठेवायची पद्धतच नवी लिहिली. महिना संपला तेव्हा पाणमांजर वैशाखात होतं त्याहून जास्त आजारी पडलं होतं.

गावाकडं लोक आता राणीला विचारत नसत, थेट मांडववाल्याला विचारत, "बग मेला का?" मांडववाल्यानं पहिल्यांदा बग म्हणजे कुणी अडून बसलेला भाऊबंद समजून हळहळ व्यक्त केली होती. वाजंत्रीवाले दोनदा येऊन चहा पिऊन गेले.

मग एका मंगळवारी कोंडीबांबरोबर राणी सांगलीला आली. ती गावात बालवाडी चालवायची. पोरांना ओळीत बसवायची सवय होती, त्यामुळं क्लासात पाय ठेवताच सगळे आपोआप नीट बसले. सुपारी फुटल्यापासून ती धनाजीला तुमी म्हणायची. त्या दिवशी म्हणाली नाही.

"धनाजी, मला येक सांग. हितं कुणी म्हणलं, अजून हे ऱ्हायलंय, तर तू काय म्हणतोस?"

"मी... बरं म्हणतो. करून घ्या म्हणतो."

"परतेक येळी?"

धनाजीनं होकारार्थी मान हलवली.

"म्हंजे ते जर्मनीचं न्हाई, बिराजीलचं न्हाई. तूच वाघर उचलून धरलीयास. तुला न्हाई म्हणाय येत न्हाई. आणि माझे आबा शब्दाचे. तुमी दोगं मिळून मला आषाढीपातूर बसवणार, मग चार महिनं देव झोपणार, मग तुळशीचं लगीन हुनार. तुळशीचं हुईल, माझं न्हाई!" तिचा आवाज चिरकला. "मला लाज वाटाय लागलीया रं. बालवाडीतली पोरं इच्यारत्यात, बाई, तुमचं मांजर कवा येणार?"

कुणी हसलं नाही. धनाजीला त्या क्षणी कळलं की आपण चुका दुरुस्त होण्याची वाट बघत नव्हतो. कुणी नाराज होऊ नये म्हणून आपण सगळ्यांना वेळ वाटत होतो, आणि ती वेळ राणीची होती. त्याला स्वतःची भयंकर चीड आली.

राणीनं पिशवीतनं पंचांग काढलं. आषाढातला शेवटचा मुहूर्त तिनं आधीच बघून ठेवला होता. "ह्या दिवशी गोरजाला अक्षता. येका घटकेचाबी उशीर न्हाई, कुणासाठी थांबायचं न्हाई. त्या दिवशी सकाळी जे हाय ते बाहीर काढा. लंगडं असंल तर लंगडं."

"पण निगालं न्हाई तर?" कोंडीबा हळूच म्हणाले. "मी बोटं दाबल्यात, राणे."

"मग तुमीच ठरवा आबा," राणी म्हणाली आणि जिना उतरून गेली.

धनाजीनं त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या अक्षरांत मेल लिहिला. तारीख कळवली, नवं काही आलं तर घेतलं जाणार नाही असं कळवलं, आणि पाउलोला, कॅनडाला, सगळ्यांना नाही म्हटलं. आइनोबाईंनी उत्तरात लिहिलं, ठरल्या सकाळी मी बटण दाबीन.

एकच अडचण राहिली. हळद लागली की नवरदेवानं वऱ्हाडाशिवाय वेस ओलांडायची नाही. मग निघालं की नाही हे बघणार कोण? गावात एक फोन होता, तो वारा सुटला की मुका व्हायचा. आणि फोन चालू असता तरी कोंडीबांनी त्यावर विसंबून अक्षता टाकू दिल्या नसत्या. "ज्येनं शब्द घेतला त्येनंच बघायला पायजे," ते म्हणाले. लग्नाच्या आदल्या दिवशी, घरात पाहुण्यांची दाटी असताना, नवरीचा बाप पिशवी घेऊन सांगलीच्या एसटीत बसला. बायकांनी कपाळाला हात लावला. राणीनं पिशवीत दोन भाकरी घातल्या.

लग्नाचा दिवस उजाडला. सकाळ गेली, दुपार गेली. मांडव लागला, वाजंत्री आले, पण नवरीचा बाप आला नाही. नवरदेवाचा बाप धुळा कळप कुणाच्या तरी हवाली करून वेळेच्या आधी येऊन बसला होता, हा त्या दिवसाचा पहिला चमत्कार. पत्रिकेतल्या मुहूर्तावर लागलेलं लग्न त्या पंचक्रोशीत कुणी पाहिलं नव्हतं, म्हणून निम्मं गाव अजून घरीच होतं. पण राणीनं भटजींना बजावून ठेवलं होतं. सूर्य टेकला. अंतरपाट धरला. भटजींनी घसा खाकरला आणि नवरीकडं पाहिलं.

धनाजीला अंतरपाटाखालून फक्त तिच्या पायाची बोटं दिसत होती. ती आत वळली होती.

"थांबा," राणीचा आवाज आला. "आबा येऊ द्यात."

"तूच म्हणालीस कुणासाठी..." कुणीतरी बोललं.

"म्हणलं हुतं. येवढ्यासाठी थांबायचं."

मुहूर्त सरला. अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून आले, मग दुसऱ्यांनी धरला. धनाजी उभाच होता. मामा येऊन नाही म्हणाले तर काय, हे त्याच्या मनात आलं. ते नाही म्हणतील, तर नाहीच. मेलेलं मेंढरू खांद्यावर आणणारा माणूस होता तो.

अंधार पडता पडता शेळ्या भरलेला एक टेम्पो मांडवाशी थांबला. मागनं, शेळ्यांमधनं, कोंडीबा उतरले. अंगभर धूळ, आणि डोकं उघडं. फेटा सोडून त्यांनी काखेत धरला होता. ते चार पावलं आले, थांबले. सगळा मांडव त्यांच्या तोंडाकडं बघत होता.

"निगालं," कोंडीबा म्हणाले. "पाणमांजर निगालं! बघताय काय, टाका अक्षता!"

एकच गलका झाला. वाजंत्री वाजली, भटजींनी मुहूर्त गेल्याचं विसरून मंगलाष्टकं सुरू केली, अंतरपाट खाली आला आणि राणी समोर दिसली. रडत होती आणि हसतही होती. मानपान सुरू झाले तेव्हा कोंडीबांना फेटा बांधायला माणसं आली. त्यांनी हात आडवा केला. "नगं. लय उकाडतंय." आषाढाचा गार वारा सुटला होता, पण लगीनघाईत कुणाच्या ते ध्यानात आलं नाही.

देवदर्शनं आटोपून धनाजी सांगलीला परतला तो थेट क्लासात. त्याला पाणमांजर बघायचं होतं.

"काय बघतोस?" जोतीराम म्हणाला. "निगालं कुठं? त्याच दिवशी सकाळी युर्गनला कायतरी सापडलं. कॉम्प्युटर बंद केला की सगळ्या फाइली पुसल्या जात्यात. आइनोबाईंनी बटणच दाबलं न्हाई. पुढं ढकललं."

"पण मामा..."

"मामांना मीच वाचून दावलं. दोनदा वाचायला लावलं त्येंनी. मग म्हणाले, आता बटण दाबाय सांग. मी सांगितलं, मामा, माणसांचं सगळं काम पुसलं जाईल. मग खुर्चीतच बसून ऱ्हायले. येक गाडी गेली, दुसरी गेली. मी म्हणलं, निगा आता, न्हाईतर लगीन चुकंल. तवा उठले, फेटा सोडला, घडी घातली आणि जिना उतरले. मला वाटलं, लगीन मोडलं."

धनाजी खुर्चीवर बसला. खाली गोदामात कुणीतरी बेदाण्याच्या पेट्या ढकलत होतं. त्याला उघड्या डोक्यानं टेम्पोतनं उतरलेला मामा दिसला. त्यानं हे कुणाला सांगितलं नाही, राणीलाही नाही.

पाणमांजर निघालं ते श्रावणात, नागपंचमीच्या पुढं. लंगडंच निघालं, पण निघालं. त्याच आठवड्यात शनिवारी धनाजी मामाच्या गावी गेला. कोंडीबा ओट्यावर उघड्या डोक्यानं बसले होते. लग्नापासून ते बाजारालाही तसेच जात, आणि लोक विचारत तेव्हा डोकं दुखतं म्हणून सांगत.

"मामा, पाणमांजर निगालं."

कोंडीबांनी वर पाहिलं नाही. "ते तर लग्नादिवशीच निगालं."

"व्हय," धनाजी म्हणाला. "लग्नादिवशीच निगालंय. मी काल नीट बघून आलो. तुमी सांगितलं तसंच."

कोंडीबांनी आता वर पाहिलं. धनाजीनं पिशवीतनं केशरी कापड काढलं.

"लग्नात तुमचा मान ऱ्हायला हुता."

"जर्मनीच्या पावण्याला धाडलं त्यातलंच व्हय ह्ये?"

"त्याच थानातलं. येवढंच उरलं हुतं."

कोंडीबांनी मान खाली घातली. धनाजीला फेटा बांधता येत नव्हता. त्यानं आपल्या परीनं गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला, आणि झाला तो थेट युर्गनच्या फोटोतल्यासारखा झाला. कोंडीबांनी डोक्याला हात लावून तो चाचपला, पण सोडून पुन्हा बांधला नाही. पुढच्या बाजाराला ते तोच ढिला फेटा घालून गेले.